शेपटाकडच्या पाच विती

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. मी एक जुनी टाटपट्टी आहे आणि मला दम लागतो. टाटपट्टीला कसला आला दम, असं तुम्ही म्हणाल. मग चौदा वर्षं रोज सकाळी उलगडून बघा, रोज संध्याकाळी गुंडाळून घेऊन बघा, शनिवारी भिंतीवर आपटून घ्या, आणि वर अशी पोट्टी बसवून घ्या जी मिनिटभर धड मांडी घालत नाहीत. तेव्हा गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबले, तर रागावू नका.

कुठल्या गिरणीत विणली गेले ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते ट्रकच्या हौद्यापासूनचं. आम्ही चाळीस बहिणी एका गठ्ठ्यात होतो. जाम गावच्या चौकात ट्रक थांबला, ड्रायव्हर चहा प्यायला, आणि तिथेच आमच्यातल्या अर्ध्या दुसऱ्या गाडीत गेल्या. मी वर्ध्यावरून हिंगणीच्या रस्त्यानं धरणाच्या अलीकडे एका गावच्या शाळेत उतरले. तपकिरी अंग, दोन्ही काठांना लाल रेघ. हेडमास्तर प्रभाकर गुरुजींनी मला नाकाशी धरलं आणि म्हणाले, "अस्सल तागाची आहे." एवढं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही.

तिसरी आणि चौथी आमच्या शाळेत एकाच खोलीत भरतात. तिथे मी फळ्यापासून थेट दारापर्यंत अंथरली जाते. फळ्याकडे माझं डोकं आणि दाराकडे शेपूट. मुलं एकामागे एक बसतात. पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की कोण कुठे बसणार हे आधीच ठरलेलं आहे. कुणी ठरवलं ते मला विचारू नका. गुरुजींनी ठरवलं नाही, कुणाच्या आईबापानं येऊन सांगितलं नाही. मोठा भाऊ बसायचा तिथे धाकटा बसतो, बस. डोक्याशी बाजारओळीतली मुलं, किराणावाल्यांची आणि कापडवाल्यांची. त्यांच्या मागे वाडीवाल्यांची, म्हणजे वांगी, मेथी, सांभार-कोथिंबीर लावून सेलूच्या बाजारात नेणाऱ्यांची. आणि अगदी शेपटाशी, चपला काढतात तिथे, गावाबाहेरच्या पारध्यांच्या वस्तीवरची, बेड्यावरची, दोन-तीन मुलं.

वाडीवाल्यांचं शेवटचं पोर आणि बेड्यावरचं पहिलं पोर यांच्या मधे थोडी जागा सुटायची. भांडण नाही, शिवी नाही. नुसती जागा. चौदा वर्षांत तिथे कुणी बसलं नाही. माझं बाकीचं अंग बघा, कुठे झिजून गुळगुळीत, कुठे शाई, कुठे खिचडीचा डाग. आणि तेवढा एक पट्टा मात्र नवा कोरा. लाल रेघसुद्धा तिथे अजून लाल. शाळा बघायला आलेले पाहुणे म्हणतात, वा, इथे चांगली राहिली आहे पट्टी. मित्रांनो, खरं सांगते, माझ्या सगळ्या डागांपेक्षा मला त्या नव्या पट्ट्याची लाज वाटते.

आता रक्षाचं सांगते. ती बेड्यावरची, चौथीतली. आई-बाप वीटभट्टीवर लांब गेलेले, म्हणून आजीजवळ राहते. दोन वर्षं ती माझ्या शेपटावर बसली आणि दोन वर्षांत वर्गात दहा वाक्यं बोलली असेल. घरी त्यांची बोली वेगळी, गावात वऱ्हाडी, पुस्तकात तिसरीच. मुकी म्हणायचे तिला. पण मला माहीत होतं. माझ्या काठाच्या शिवणीत तिनं खडूचा एक तुकडा लपवला होता. गणिताच्या तासाला तो काढायची आणि गुडघ्याच्या आडोशानं माझ्यावरच भागाकार मांडायची. तोंडातल्या तोंडात आकडे मोजायची, ते तिच्या घरच्या बोलीत. ते आकडे मला आता पाठ आहेत, पण ते तिचे आहेत, म्हणून इथे सांगत नाही. उत्तर आलं की तळहातानं पुसून टाकायची. बरोबर उत्तरं पुसणारी अशी मुलगी मी दुसरी पाहिली नाही.

मागच्या जूनमध्ये गोपिका मॅडम आल्या. मूळच्या देवळीच्या, सेलूला खोली करून राहतात, स्कुटीवर येतात. मनानं फार चांगल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे त्यांचीच चूक सांगायची आहे. पावसाळ्यात त्या चार दिवस प्रशिक्षणाला गेल्या आणि परत आल्या त्या डोळ्यांत चमक घेऊनच. मूल घरून जे घेऊन येतं तीही विद्याच असते, तिला वर्गात जागा द्यायची, असं काहीबाही त्या गुरुजींना सांगत होत्या. मी ऐकत होते. मनात म्हटलं, बाई गं, चौदा वर्षांनी कुणीतरी शेपटाकडे बघणार.

बघितलंही. परिसर अभ्यासात पक्ष्यांचा धडा होता. मॅडमनी विचारलं, "तितर कसा ओरडतो, कोणाले माहीत आहे?" कुणाला माहीत नव्हतं. रक्षानं खाली बघत, ओठ न हलवल्यासारखा, तितराचा आवाज काढला. असा हुबेहूब की बाहेरचं कुत्रं कान टवकारून उभं राहिलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी रक्षा हसली होती. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मग तेच सुरू झालं. कोणी आलं की, "रक्षा, आवाज काढून दाखव बेटा." एक साहेब आले, त्यांनी मोबाईलमध्ये घेतलं. ते गावभर फिरलं. भिंतीवर मॅडमनी तक्ता लावला, त्यात तितर आणि खाली रक्षाचं नाव. हिरालाल किराणावाल्याचा स्वप्निल, जो अगदी माझ्या डोक्याशी बसतो, तो तिला "ए तितर" म्हणायला लागला. वाईट मनानं नाही म्हणत होता. मोठ्यांनी तिला जे नाव दिलं, तेच त्यानं छोटं केलं.

आणि एक दिवस गणिताच्या तासाला मॅडमनी तोंडी विचारलं, ऐंशी भागिले पाच किती. पुढची मुलं बोटं मोजत होती. रक्षानं हात वर केला. पहिल्यांदाच. तिच्या गुडघ्याशी माझ्यावर सोळा लिहिलेलं होतं, मी शपथेवर सांगते.

मॅडम म्हणाल्या, "तू बस बेटा. तुले उद्या पक्ष्याईचं विचारते."

मायेनं बोलल्या. तेच जास्त लागलं. रक्षानं हात खाली घेतला आणि सोळा पुसून टाकले.

दिवाळीच्या आधी पुन्हा पाहुणे आले, चार जण. पुन्हा तिला उभं केलं. तिचे पाय माझ्यावर चुळबुळ करत होते. मग आवाज काढला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. आठ दिवस तिची जागा रिकामी होती आणि खडूचा तुकडा माझ्या शिवणीत तसाच.

नवव्या दिवशी शाळा सुटताना तिची आजी आली. सुकलेली, ताठ बाई. आत या म्हटलं तर आली नाही, उंबऱ्याशीच टेकली. माझ्यावर पाय ठेवला नाही तिनं.

"नाव काढून टाका पोरीचं," आजी म्हणाली. "कापूस येचाले नेतो मी तिले."

"काऊन आजी? किती हुशार आहे रक्षा," मॅडम म्हणाल्या. "तितराचा आवाज तर इतका सुंदर काढते..."

"तितर बोलाले मी शिकवलं तिले," आजी शांतपणे म्हणाली. "तुमी काय शिकवलं?"

आजी थोडा वेळ थांबली, खरंच उत्तराची वाट बघितली तिनं. मग उठून गेली.

मुलं गेली होती. मॅडम माझ्यावर बसल्या, आणि बसल्या त्या दाराशी, शेपटावर. चौदा वर्षांत कुठलाही शिक्षक तिथे बसला नव्हता. त्यांनी सहज समोर पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. दारातून येणारं ऊन फळ्यावर पडतं ना, त्यानं फळ्याचा खालचा अर्धा भाग नुसता चमकतो. गणितं मॅडम तिथेच लिहायच्या. तिथून एक आकडा दिसत नव्हता. मग हात टेकताना त्यांच्या बोटांना शिवणीतला खडू लागला. त्यांनी वाकून पाहिलं. पुसलेले पांढरे आकडे, एकावर एक, महिन्यांचे. शेवटचा भागाकार अर्धवट पुसलेला होता, तो त्यांनी बोटानं वाचला. रडल्या का? थोडं रडल्या. तागाला ओल लगेच कळते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी त्या बेड्यावर गेल्या. मी काही तिथे नव्हते, पण त्या गुरुजींना सांगत होत्या ते ऐकलं. त्या आजीला म्हणाल्या, "चुकलं माह्यं. मी तिले दाखवत राह्यली, शिकवलं नाई." आजीनं पंधरा दिवस दिले. पंधरा दिवसांनी येऊन बघेन, पोरीला काही आलं नसेल तर कापसात, असं साफ सांगितलं. पुढच्या वर्षी पाचवीला दुसऱ्या गावी जायचं असतं, मित्रांनो. आता नाव कटलं की ते कटलंच. बेड्यावरची किती मुलं अशी गेली ते माझ्या शेपटाला विचारा.

रक्षा परत आली. मॅडमनी तक्त्यावरचं तिचं नाव उतरवलं, आणि तितराबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याच सुमारास गुरुजी म्हणाले की शाळेला बेंच मिळणार आहेत, टाटपट्टी अंगणवाडीला द्यायची, किती लांब आहे ते मोजून ठेवा. माझ्या निरोपाची तयारी चालली होती आणि मॅडमना त्यात मोजमापाचा धडा दिसला. म्हणाल्या, "प्रत्येकानं आपापल्या वितीनं मोजायचं. डोक्यापासून शेपटापर्यंत."

पहिला स्वप्निल. गुडघ्यांवर रांगत, अंगठा आणि करंगळी ताणत निघाला. त्या नव्या पट्ट्याशी आला आणि थांबला.

"झालं, मॅडम."

"अजून पट्टी बाकी आहे ना?"

"तिकडची त्याईची आहे. त्याईलेच मोजू द्या."

वर्गात कुणी हसलं नाही, कुणी दचकलंही नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं, हेच मला सहन होत नाही. मॅडमनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "मंग तुह्यं उत्तर चुकते, स्वप्निल. पट्टी दारापाशी संपते."

उत्तर चुकलेलं स्वप्निलला चालत नाही. त्यानं एकदा मागे पाहिलं आणि नव्या पट्ट्यावर हात ठेवला. मग पुढचा. मग शेपटावर, चपलांपर्यंत. चाळीस विती. त्याच्यामागून एकेक जण रांगत आला. कुणाच्या त्रेचाळीस, कुणाच्या एकोणचाळीस. वाडीवाल्या मधुकररावांची पिंकी म्हणाली पंचेचाळीस. मग जी भांडणं लागली, बाप्पा! प्रत्येकाचंच खरं.

रक्षा शेवटी मोजायला निघाली, तीसुद्धा डोक्यापासून. मित्रांनो, दोन वर्षं तिचा हात कधी माझ्या डोक्याला लागला नव्हता. ती हळूहळू, घरच्या बोलीत मोजत आली. बेचाळीस.

"कोणाचं बरोबर?" मॅडमनी विचारलं.

रक्षा उभी राहिली. हात वर न करताच. "सगळ्याईचं. हात येगळे आहेत म्हणून." मग थांबून म्हणाली, "आमची आजी वाकळ शिवते तं एक काडी कापते. एका वितीएवढी. मंग कोणीबी मोजलं तरी तेवढंच भरते."

मॅडमनी कोपऱ्यातला झाडू पुढे केला. रक्षानं त्यातली काडी आपल्या वितीएवढी मोडली आणि स्वप्निलच्या हातात दिली. त्यानं मोजलं, बेचाळीस. पिंकीनं मोजलं, बेचाळीस. तिसरीतल्या बारक्या धीरजनं, तोही बेड्यावरचाच, त्यानं मोजलं, बेचाळीस. सगळा वर्ग काडीकडे बघत होता.

"आता तुमी चौदा जण," मॅडम म्हणाल्या. "एकाच्या वाट्याला किती? रक्षा, ये फळ्यापाशी."

ती गेली. उंच जागी, वर, जिथे ऊन येत नाही तिथे तिनं मांडलं. बेचाळीस भागिले चौदा, उत्तर तीन. पुसलं नाही. आणि मग मॅडमनी न विचारता, खडू हातात तसाच ठेवून, ती माझ्याकडे बघून बोलली.

"पुढं अकरा जण बसते, ते तेहतीस वितीत. तीन-तीन. बरोबर आहे. मंधात चार विती कोणीच बसत नाई. आन आमी तिघं पाच वितीत." तिनं फळ्यावर चार आणि पाच मांडले. "चार आन पाच नऊ. तिघाईले तीन-तीन. आमी सरकलो तं पुढच्याचं काईच कमी नाई होत."

गणित होतं ते, भांडण नव्हतं. चौदा वर्षं मी ज्याची लाज धरून पडले होते, ते या पोरीनं एका भागाकारात मांडून दाखवलं. रक्षा येऊन त्या नव्या पट्ट्यावर बसली. तिचा गुडघा पिंकीच्या गुडघ्याला लागला. पिंकी आखडली. मला कळलं ते, अंगावरचं मला सगळं कळतं. ती उठून जाईल असं वाटलं. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "काडी दे ना मले. पाहू दे." आणि तशीच बसून राहिली.

त्यानंतर मॅडमनी दर सोमवारी सगळ्यांना जागा बदलायला लावली. शेपटावर पहिला गेला तो स्वप्निल. बसल्या बसल्या ओरडला, "मॅडम, इथून काईच दिसत नाई!" रक्षा मागे न बघता म्हणाली, "आमाले दोन वर्ष नाई दिसलं." त्याच दिवशी गुरुजींनी फळा काढून दुसऱ्या भिंतीवर ठोकला. अर्ध्या तासाचं काम. अर्ध्या तासाच्या कामाला किती वर्षं लागतात, बघा.

मात्र सगळं गोड झालं असं समजू नका. दोन घरांतून आया आल्या आणि जागेवरून मॅडमशी बोलून गेल्या. एका मुलाला महिनाभर शाळेत पाठवलं नाही. पंधराव्या दिवशी आजी आली. या खेपेला मॅडम काहीच बोलल्या नाहीत, बोलली ती रक्षा. फळ्यावर मांडून, काडी दाखवून, आपल्या बोलीत तिनं आजीला सगळं समजावलं. वर्गात ती बोली इतकी मोठ्यानं पहिल्यांदाच ऐकू आली, आणि कुणी हसलं नाही. आजीनं बोटांवर तीन-तीन करून चौदा वेळा मोजलं. घाई केली नाही.

"बरोबर हाय," ती म्हणाली. मग काडी हातात घेऊन आपल्या वितीशी लावून पाहिली. काडी तोकडी होती. "कापूस मी एकटी येचतो. घरी वेळेवर येजो." जाताना ती माझ्यावरून चालत गेली.

रक्षा राहिली. धीरज नाही राहिला. त्याचे आईबाप दिवाळीनंतर त्याला घेऊन कामावर लांब निघून गेले. मॅडमनी फोन केले, दोनदा बेड्यावर जाऊन आल्या. अजून पत्ता नाही. त्याच्या तीन विती रिकाम्या आहेत. सोमवारी जागा बदलताना रक्षा काडीनं त्या मोजते आणि सोडून ठेवते, कुणाला पसरू देत नाही. आधीची रिकामी जागा आणि ही रिकामी जागा, दोन्हींतला फरक मला कळतो. एक कुणी येऊ नये म्हणून होती. दुसरी यावं म्हणून आहे.

परवा बेंच आले. निळे, चकचकीत, दोघा-दोघांचे. उद्या मला गुंडाळून अंगणवाडीत नेतील. माझी तक्रार नाही, दमले आहे मी. फक्त जाण्याआधी मी माझा तो नवा पट्टा पाहिला. तो आता मळला आहे. लाल रेघ विटली, एक शाईचा डाग पडला, आणि रक्षाच्या खडूचे आकडे आहेत, न पुसलेले. इतकी सुंदर मी आयुष्यात कधी दिसले नव्हते.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागते. माझ्यासारख्या पट्टीला झटका, धुवा, उन्हात घाला, ते ठीकच आहे. पण तुमच्या वर्गात एकदा हिंडून बघा, कुठला बेंच नवाच राहिला आहे, कुणाशेजारची जागा झिजलीच नाही. आणि धीरज आला तर त्याला सांगा, त्याच्या तीन विती मोजून ठेवल्या आहेत. बेंचवरही तेवढ्याच भरतात. मोजाल तेव्हा फक्त मध्येच थांबू नका, दारापर्यंत मोजा.